चौकोनी 'ओ' आणि उद्याचं जग

इटलीच्या उत्तरेला असलेलं तुरीन हे मोटारींचं शहर. फियाटचा कारखाना इथलाच. याच शहरात नेबिओलो नावाची कंपनी छपाईची यंत्रं बनवायची आणि छपाईला लागणारे खिळेही ओतायची. 1952 मध्ये तिनं 'मायक्रोग्रामा' नावाचा एक टंक बाजारात आणला. तो काढला होता आलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी. बुत्ती अनुभवी, साठीला टेकलेले. नोव्हारेसे तिशी नुकती ओलांडलेले, पण सोळाव्या वर्षापासून याच कंपनीत अक्षरं घोटत आलेले. या टंकात फक्त मोठ्या एबीसीडीची अक्षरं होती. दहा वर्षांनी, 1962 मध्ये, नोव्हारेसे यांनी त्याला छोटी एबीसीडी जोडली, जाडी-रुंदीचे आणखी प्रकार काढले आणि टंकाचं नाव ठेवलं 'युरोस्टाइल'.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण ही अक्षरं तुम्ही पाहिली आहेत. अवकाशयान, रोबो, प्रयोगशाळा किंवा बुद्धिमान संगणक दाखवणारा कुठलाही इंग्रजी चित्रपट आठवा. यानाच्या दारावरची पसरट, ठळक, कोपरे गोलावलेली अक्षरं डोळ्यांसमोर आली ना? ती बहुतेक वेळा याच घराण्यातली असतात. तुरीनमधल्या दोन माणसांनी लेटरहेड, जाहिराती आणि मथळे छापण्यासाठी काढलेलं हे वळण पुढच्या साठ-सत्तर वर्षांत 'उद्या' दाखवायची जगभरची रीत होऊन बसलं. हे कसं झालं आणि त्यातून आपण काय घ्यावं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी अक्षराकडे नीट पाहू. या टंकाचं सगळं मर्म इंग्रजी 'ओ'मध्ये आहे. बहुतेक टंकांत 'ओ' गोल असतो किंवा लंबगोल. युरोस्टाइलचा 'ओ' चौकोनी आहे, पण पट्टीनं आखलेल्या चौकोनासारखा नाही. त्याचे कोपरे वळलेले आहेत आणि चारही बाजू किंचित बाहेर फुगलेल्या आहेत. गणितात या आकाराला अतिलंबवर्तुळ म्हणता येईल. गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा वक्रांचा अभ्यास केला होता. लंबवर्तुळाच्या समीकरणात घातांक 2 असतो. तो वाढवत नेला, की आकार हळूहळू आयताकडे सरकू लागतो. 1959 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये सेर्गेल्स टोर्ग या चौकाची आखणी चालली होती. आयताकृती जागेत वाहतूक सुरळीत वळेल असा आकार हवा होता. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी घातांक 2.5 धरून तो शोधला आणि पुढे तोच आकार टेबलांना आणि भांड्यांनाही दिला. नोव्हारेसे यांनी समीकरण मांडून अक्षरं काढली असं नाही. त्यांचा हात आणि डोळा त्याच आकाराकडे गेला. त्या काळात तो आकार सगळीकडे होता.

तो सगळीकडे का होता, याचं एक कारण मला फार पटतं. जुन्या टीव्हीची काच आठवा. कोपरे गोल, बाजू बाहेर फुगलेल्या. त्या काचेमागची नळी आतून निर्वात असते आणि बाहेरून हवा तिला सतत दाबत असते. सरळ बाजू आणि काटकोनी कोपरे दिले, तर ताण कोपऱ्यात एकवटतो आणि काच तिथून जाते. विमानाचंही तसंच, फक्त दाबाची दिशा उलटी. उंचावर केबिनमधली हवा बाहेर ढकलत असते. कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाचे 1954 मध्ये दोन अपघात झाले. तपासात दिसलं, की धातूला पडलेले तडे कवचातल्या खिडक्यांसारख्या छेदांच्या कोपऱ्यांपाशी सुरू झाले होते. त्यानंतर विमानाच्या खिडकीचे कोपरे कसे असावेत, याबद्दल अभियंत्यांच्या मनात शंका उरली नाही. गोलावलेला चौकोन हा दाब सांभाळणाऱ्या वस्तूंचा आकार आहे. पडदा, केबिन, पाणबुडीचा दरवाजा, अवकाशयानाचं झाकण, सगळीकडे तोच. मायक्रोग्रामा या अपघातांच्या आधीचा आहे, तेव्हा त्याचं मूळ थेट तिथं शोधू नये. पण पुढच्या वीस वर्षांत माणसानं ज्या यंत्रांत बसून आकाश ओलांडलं, त्या यंत्रांचा आणि या अक्षरांचा आकार एकच होता. पाहणाऱ्याच्या डोळ्यानं ते नातं न सांगता ओळखलं.

म्हणून मी म्हणतो, की या टंकानं भविष्य कधीच दाखवलं नाही. 1952 आणि 1962 मधला वर्तमानकाळ त्यानं अतिशय नेमका पकडला. युद्धातून उठलेली, घरोघरी टीव्ही, स्कूटर, टाइपरायटर नेऊ लागलेली इटली त्यात आहे. तुरीनपासून जवळच इव्रेआ या गावात ऑलिव्हेत्तीचा कारखाना होता आणि त्याची यंत्रं रूपासाठीही नावाजली जात. वस्तू चांगली दिसावी ही तिथल्या कारखान्यांतली रोजची अपेक्षा होती.

हा वर्तमानकाळ 'उद्या' कसा झाला, याचं श्रेय चित्रपटांना द्यावं लागेल. स्टॅन्ली कुब्रिक यांचा '2001: अ स्पेस ओडिसी' 1968 मध्ये आला. चित्रपटाचं नाव पडद्यावर येतं ते गिल सॅन्स या जुन्या इंग्रजी टंकात. पण यानाच्या आत गेलो, की युरोस्टाइलची ठळक आणि रुंद अक्षरं भेटू लागतात. कुब्रिक यांच्या मंडळींनी यानातली प्रत्येक कळ आणि सूचना खरी वाटावी म्हणून प्रचंड मेहनत घेतली होती. माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता, तेव्हा या चित्रपटानं अवकाशप्रवासाचं जे रूप उभं केलं ते नंतरच्या प्रत्येक दिग्दर्शकाच्या डोक्यात राहिलं, अक्षरांसकट. 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटांतल्या यानांच्या अंगावर मायक्रोग्रामाच्या कुळातली अक्षरं आली. 2009 मध्ये आलेल्या 'मून'मध्ये चंद्रावरच्या एकाकी तळाच्या भिंतींवर पुन्हा तीच. डेव्ह ॲडी या लेखकानं विज्ञानपटांतल्या अक्षरांवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं, 2018 मध्ये आलेलं 'टाइपसेट इन द फ्यूचर'. या टंकाचा धागा त्यात पुन्हापुन्हा निघतो. आता अशी स्थिती आहे, की पडद्यावर ही ठळक-रुंद अक्षरं आली, की काळ कोणता ते वेगळं सांगावं लागत नाही.

सवयीतून अर्थ जडतो, हे याहून स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण तुमच्या कपाटात आहे. चेकबुक काढा आणि चेकच्या तळाची पांढरी पट्टी पाहा. तिथले आकडे विचित्र दिसतात. कुठे एखादी रेघ अचानक जाड, कुठे खालच्या बाजूला गठ्ठा. या आकड्यांच्या वळणाला ई-13बी म्हणतात. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बँका चेकच्या ढिगाऱ्याखाली दबू लागल्या होत्या. यंत्राला चेक वाचता यावा म्हणून चुंबकीय शाईनं आकडे छापायची कल्पना निघाली. वाचणारं यंत्र आकडा पाहत नाही. आकडा त्याच्यासमोरून सरकतो तेव्हा शाई जसजशी कमी-जास्त होते तसतसा त्याला मिळणारा विद्युत संकेत बदलतो. म्हणजे प्रत्येक आकड्याची लाट वेगळी असायला हवी. ते गठ्ठे त्यासाठी आहेत. दहा आकडे आणि चार खुणा, एकूण चौदा आकार. त्यात शोभेसाठी काढलेली एकही रेघ नाही.

आपल्याकडेही चेकवर हेच वळण छापतात. तिथल्या नऊ आकड्यांच्या सांकेतिक क्रमांकातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर 400 दिसेल, पुण्याच्या चेकवर 411. पिनकोडचे सुरुवातीचे आकडेही हेच, म्हणून ते चटकन ओळखू येतात.

आता गंमत पाहा. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या लिओ मॅग्ज नावाच्या आरेखकानं या आकड्यांसारखीच गठ्ठे असलेली सगळी एबीसीडी काढली. तो टंक 'वेस्टमिन्स्टर' म्हणून ओळखला जातो. त्याच्या मागोमाग लेट्रासेट कंपनीनं घासून कागदावर उतरवायची अशीच अक्षरं बाजारात आणली, त्यात 1965 चा 'काउंटडाउन' आणि 1970 चा 'डेटा 70' होते. या अक्षरांतल्या गठ्ठ्यांचं यंत्राला काहीच काम नव्हतं. कुठलंही यंत्र ती वाचणार नव्हतं. पण संगणकाबद्दलचं पुस्तक, विज्ञानकथांचा संग्रह, इलेक्ट्रॉनिक वाद्यांची जाहिरात, सगळीकडे ती चिकटवली गेली. यंत्राच्या गरजेतून आलेला आकार दहा वर्षांत नुसता पेहराव झाला. आज तोच टंक पाहिला, की कुणाला भविष्य आठवत नाही. 1970 चं दशक आठवतं. अशा टंकांचं आयुष्य लहान असतं, कारण त्यांनी यंत्राचं फक्त वरचं कातडं घेतलेलं असतं. युरोस्टाइल टिकला, कारण त्याच्या आकाराला आतून आधार होता.

आकार आतून सुचणं म्हणजे काय, हे नेदरलँड्सच्या विम क्राउवेल यांच्याकडे पाहून कळतं. 1967 मध्ये त्यांनी 'न्यू अल्फाबेट' मांडला. तेव्हाचे पहिले इलेक्ट्रॉनिक अक्षरजुळणीचे पडदे वक्र रेषा नीट काढू शकत नव्हते. गोलाईच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटायच्या. क्राउवेल यांचं म्हणणं असं, की यंत्राला वक्र जमत नसेल तर अक्षरच बदला. त्यांच्या वर्णमालेत फक्त आडव्या आणि उभ्या रेषा आहेत, कोपरे 45 अंशांत छाटलेले. परिणाम असा, की बरीच अक्षरं ओळखूच येत नाहीत. त्यांनी स्वतः हा प्रयोग विचार मांडण्यासाठी केला होता; वर्तमानपत्र छापण्यासाठी नव्हे. तरी 1988 मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्रजी संगीतमंडळींच्या 'सबस्टन्स' या संग्रहाच्या वेष्टनावर तो आला आणि 2011 मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं तो आपल्या संग्रहात घेतला. न वाचता येणारं अक्षरही संग्रहालयात जागा मिळवतं, कारण त्यामागचा प्रश्न खरा असतो.

नासाच्या बोधचिन्हाची कथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. 1975 मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी नासासाठी लाल रंगातली चार अक्षरं काढली. सगळी रेघ एकाच जाडीची, वळणं सलग, आणि दोन्ही 'ए'मधली आडवी दांडी काढून टाकलेली. ते 'ए' त्यामुळे रॉकेटच्या टोकासारखे दिसतात. संस्थेतल्या अनेक जुन्या माणसांना ते आवडलं नाही आणि 1992 मध्ये ते मागे घेऊन आधीचं तारे असलेलं गोल चिन्ह परत आणलं गेलं. 2020 मध्ये अमेरिकेच्या भूमीवरून पुन्हा अंतराळवीर उडणार होते, तेव्हा त्या रॉकेटच्या अंगावर हीच लाल अक्षरं रंगवली गेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं काम होतं आणि ते जुनं दिसत नव्हतं. फक्त चार अक्षरं होती, हे मात्र विसरू नये. या वळणात नासाचा अहवाल छापला असता, तर तो कुणी दोन पानांपुढे वाचला नसता.

इथे या टंकांच्या वापराचा मूळ प्रश्न येतो. ही अक्षरं मथळ्याची आहेत. मोठ्या आकारात, थोडक्या शब्दांत, भोवती मोकळी जागा ठेवून लावली तर ती उभी राहतात. लहान करून परिच्छेद भरले, की ती डोळ्याला थकवतात. हे नुसतं माझ्या आवडीचं मत नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या एजलॅबनं मोनोटाइप या टंकांच्या कंपनीसोबत केलेला एक अभ्यास जाहीर झाला. माणसांना गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रासमोर बसवलं आणि डॅशबोर्डच्या पडद्यावरची यादी वाचायला लावली. एकदा ती यादी युरोस्टाइलमध्ये होती, एकदा फ्रुटिगरमध्ये. फ्रुटिगर म्हणजे पॅरिसच्या विमानतळावरच्या फलकांसाठी काढलेल्या वळणातून तयार झालेला, मोकळ्या आकारांचा टंक. पुरुषांच्या बाबतीत फ्रुटिगर असताना पडद्याकडे नजर खिळण्याचा एकूण वेळ 10.6 टक्क्यांनी कमी भरला. स्त्रियांच्या बाबतीत फरक फारसा दिसला नाही. हमरस्त्यावर वेगात असलेली गाडी तेवढ्या वेळात बरंच अंतर पुढे गेलेली असते.

कारण अक्षरांच्या बांधणीतच आहे. चौकोनी साच्यात बसवलं, की अक्षरं एकमेकांसारखी होऊ लागतात. 'ओ', 'डी' आणि 'क्यू' यांचं बाहेरचं कवच सारखं. 'सी' आणि 'जी'ची तोंडं आडवी आत वळतात आणि बंद झाल्यासारखी दिसतात. 'बी' आणि आठ, 'एस' आणि पाच यांचा घोटाळा होतो. आपण वाचताना प्रत्येक अक्षराचं वेगळेपण शोधत असतो, आणि या टंकाचं सौंदर्य आहे ते सारखेपणात. तेव्हा ज्या गुणामुळे तो भविष्याचा वाटतो त्याच गुणामुळे तो लांब मजकुराला चालत नाही. रस्त्यावरची सूचना, औषधाच्या बाटलीवरची मात्रा, धोक्याचा इशारा, अशा ठिकाणी चौकोनी ठळक टंक वापरणं मला चूक वाटतं. कार्यक्रमाचं नाव, पुस्तकाचं मुखपृष्ठ, संघाचा शर्ट, खेळाचा गुणफलक, संग्रहालयाच्या दालनाचं शीर्षक, तिथे तो खुशाल वापरावा.

भौमितिक म्हटलेला टंक खरं तर पूर्णपणे भौमितिक कधीच नसतो, हेही इथं सांगायला हवं. कंपास घेऊन काढलेला 'ओ' आणि पट्टीनं काढलेला 'एच' सारख्या उंचीचे केले, तर 'ओ' लहान दिसतो. म्हणून गोल अक्षर वरखाली किंचित बाहेर काढावं लागतं. आडवी आणि उभी रेघ मापानं सारखी ठेवली, तर आडवी जाड वाटते. ती थोडी बारीक करावी लागते. जिथे दोन रेघा मिळतात तिथे शाईचा गोळा दिसू नये म्हणून सांधा आतून खरवडावा लागतो. अक्षर जितकं ठळक, तितकं हे काम नाजूक, कारण आतली पांढरी जागा इतकी थोडी उरते की केसभर चूक झाली तरी अक्षर बुजतं. संगणकावर पातळ अक्षराला कडा जोडून 'बोल्ड' केलेला टंक आणि माणसानं काढलेला ठळक टंक यांत फरक दिसतो तो इथेच. नोव्हारेसे आपल्या कारकिर्दीत अशी असंख्य अक्षरं काढत राहिले. 1971 चा त्यांचा 'स्टॉप' हा टंक तर आणखी धीट आहे. अक्षरांचे तुकडेच त्यांनी गाळले आणि उरलेल्या तुकड्यांवरून डोळा अक्षर पुरं करतो. 1995 मध्ये ते तुरीनमध्ये वारले.

आता देवनागरीकडे येऊ, कारण मराठी वाचकाला आणि मराठी अक्षर काढणाऱ्याला खरा प्रश्न इथे पडतो. विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या महोत्सवाच्या पोस्टरवर इंग्रजी नाव असं चौकोनी, रुबाबदार असतं आणि त्याच्याखालचं मराठी नाव हाताला लागलेल्या कुठल्याही टंकात. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. मराठी वाक्य त्या कागदावर उपरं ठरतं, जणू भविष्याशी त्याचा संबंध नाही.

देवनागरीत चौकोनी वळण आणणं अवघड आहे, पण अशक्य नाही. अडचण कुठे येते ती पाहू. आपल्या अक्षरांना वर शिरोरेखा आहे, आणि बऱ्याच अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे. प, ष, न, म, त, ग ही अक्षरं उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटीत सहज बसतात. 'प' तर आधीच निम्मा चौकोनी आहे. खरा विरोध करतात ती दंड नसलेली, शिरोरेखेला लोंबकळणारी गोल अक्षरं: ट, ठ, ड, ढ, द, ह, छ. 'ठ'चा डबा करता येतो, तो शोभतोही. पण 'ट' आणि 'ढ' यांच्यात फरक आहे तो पोटातल्या छोट्या गाठीचा. ठळक वळणात ती गाठ बुजली, की 'ढग' कोणता आणि 'टग' कोणता हे अंदाजानं वाचावं लागतं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांची ओळख शिरोरेखेतल्या तुटीवर आणि डावीकडच्या छोट्या वेटोळ्यावर टिकलेली आहे. रोमन टंकाचा साचा उचलून कोपरे छाटत गेलो, तर नेमक्या याच खुणा आधी कापल्या जातात.

दुसरी अडचण उंचीची. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही नसतं. ती एका पट्टीत मावतात आणि म्हणून अवकाशयानाच्या दारावर इतकी घट्ट बसतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. 'केंद्र', 'कृत्रिम', 'ऊर्जा' लिहून पाहा. ठळक शिरोरेखेवर ठळक वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार असा मजला चढत गेला, की मूळ अक्षर दबतं. जाणकार अक्षरकार अशा वेळी मात्रा अक्षरापेक्षा थोड्या बारीक ठेवतात, वेलांटीची कमान उतरवून आडवी करतात, अनुस्वाराचा ठिपका चौकोनी करून तिच्या कुशीत बसवतात. जोडाक्षरांचं तर प्रत्येकाचं गणित वेगळं.

तिसरी गोष्ट खास मराठीची. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीतल्या रूढ 'ल' आणि 'श'हून वेगळे दिसतात. नीट बनवलेल्या देवनागरी टंकात दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली, की मराठी रूप येतं. ती निवडायची राहिली, की मराठी फलकावर परकं रूप उमटतं. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांतला अर्धा 'र'ही मराठीला लागतोच. आणि 'ळ' तर आपल्याकडे पावलोपावली: वेळ, काळ, निळा, आभाळ. हिंदीत तो क्वचित लागतो. त्याच्या दोन वेटोळ्यांत पांढरी जागा राखणं ही ठळक चौकोनी टंकाची सगळ्यांत कठीण परीक्षा आहे असं मी मानतो. 'ळ' जमला तर बाकीची अक्षरं जमली असं समजायला हरकत नाही.

या दिशेनं काम झालेलं आहे आणि ते विनामूल्य मिळतं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं 2014 मध्ये काही देवनागरी-रोमन टंक खुल्या परवान्यानं दिले. त्यातला 'टेको' हा मनुषी पारिख यांनी काढलेला टंक मथळ्यांसाठीच आहे: उंच, चौकोनी, सारख्या जाडीच्या रेषांचा. 'राजधानी'चे कोपरेही तसेच आखीव. 'पॉपिन्स' वर्तुळांवर बेतलेला, अतिशय जाड प्रकारापर्यंत जाणारा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं केलेला 'मोदक' वेगळ्या वाटेनं ठळकपणा गाठतो. तिथे अक्षरं फुगत फुगत आतली जागा फक्त रेघेएवढी उरते, तरी वाचता येतं. या टंकांत दोन्ही लिप्यांची वजनं एकमेकांना जुळवून काढलेली आहेत. इंग्रजी आणि मराठी नाव शेजारी लावायचं असेल, तर एवढ्या एका कारणासाठी ते आधी पाहावेत.

पण तयार टंकाच्या आधी आपल्याकडे हातानं काढलेल्या नावांची थोर परंपरा आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रांच्या जाहिरातींसाठी अशी काढली, की नाटकाचा स्वभाव नावातच दिसावा. नाटक पाहण्याआधी प्रेक्षक ते नाव पाहायचा. 2020 मध्ये ते गेले. र. कृ. जोशी यांनी आयआयटीत शिकवताना आणि 'मंगल'सारखा संगणकावरचा टंक घडवताना देवनागरीचं वळण लेखणीच्या चालीतून समजून घेतलं पाहिजे, हे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवलं. या दोघांच्या कामातून मला एक गोष्ट उमगते. देवनागरीचा भविष्यवेधी टंक युरोस्टाइलची नक्कल करून होणार नाही. नोव्हारेसे यांनी जे केलं ते करावं लागेल: आपल्या भोवतीच्या वस्तूंचा आकार डोळ्यांत साठवावा लागेल. टीव्हीची फुगीर काच आता नाही. आज हातात मोबाइलचा गोलावलेला आयत आहे, रस्त्यावर मेट्रोचा डबा आहे, स्थानकावर ठिपक्यांनी उजळणारे फलक आहेत. त्या फलकांवर मराठी अक्षरं आज धड वाचता येत नाहीत, हे काम कुणाची तरी वाट पाहत आहे.

तुम्ही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी किंवा छोट्या उद्योगाच्या पाटीसाठी असं वळण वापरणार असाल, तर एवढं करा. नाव चार-पाच शब्दांच्या आत ठेवा आणि बाकीचा मजकूर साध्या, मोकळ्या टंकात लावा. भाषा मराठी निवडा. छपाईला देण्याआधी त्या टंकात 'ळ', 'ढ', 'भ', 'ध', 'कृ' आणि 'र्की' उमटवून पाहा आणि कागद दहा पावलांवर धरून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. अडखळलं तर टंक बदला. आणि नाव कायमचं असेल, संस्थेच्या दारावर वर्षानुवर्षं राहणार असेल, तर तयार टंकावर भागवू नका. मराठी अक्षरं हातानं काढणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. त्यांना शोधा, रास्त मोबदला द्या आणि ते नाव त्यांच्याकडून काढून घ्या.